डावा डोळा, उजवा डोळा

एका जुन्याजाणत्या पक्षीपालक काकांकडे मी गेले होते ते वेगळ्याच कोंबड्यांसाठी. अंगाने भरलेल्या, शांत, नेमाने अंडी घालणाऱ्या. त्या बघून झाल्या, बोलणं झालं, आणि निघताना शेवटच्या पिंजऱ्यात काहीतरी पांढरं-काळं चमकलं. कबुतरापेक्षा जेमतेम मोठी कोंबडी. छाती पुढे काढलेली, पंख जमिनीकडे झुकलेले, शेपूट पंख्यासारखी उघडलेली. आणि प्रत्येक पिसाला काळी किनार. एकेक पीस आधी बारीक टोकाने आखून मग अंगावर बसवलं असावं, अशी. नीट बघावं म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं, तोवर ती तिथे नव्हतीच. वरच्या दांडीवर जाऊन, मान तिरकी करून, एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती.

"सेब्राइट," काका म्हणाले. "ही हातात यायची नाही हं. उचलून मांडीवर घ्यायला कोंबडी हवी असेल तर मघाचीच घे. ही बघायला पाळतात."

मघाच्या कोंबड्या मी घेतल्या नाहीत. महिन्याभराने काकांकडून सेब्राइटची डझनभर अंडी आणली. या गोष्टीला आता दीड वर्ष होईल.

अंडं हातात घेतलं की या कोंबडीच्या लहानपणाचा खरा अंदाज येतो. मोठ्या कोंबडीचं अंडं पन्नास-साठ ग्रॅमचं, हे तीस-पस्तीस ग्रॅमचं, मलईच्या रंगाचं. सेब्राइट ही अस्सल बँटम, म्हणजे जन्मजात बुटकी कोंबडी आहे, मोठ्या जातीची छोटी आवृत्ती नव्हे. हिचा मोठा अवतार मुळात कधी नव्हताच. पूर्ण वाढलेला कोंबडा सव्वासहाशे ग्रॅमचा, कोंबडी त्याहून थोडी कमी. माझ्या उबवणी यंत्रातले खाचे मोठ्या अंड्यांच्या मापाचे, त्यात ही अंडी डुगडुगायला लागली, म्हणून पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून खाचे अरुंद केले. तापमान साडेसदतीस अंश ठेवलं आणि वाट बघत बसले.

सातव्या रात्री दिवे मालवून एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं. पाच अंड्यांत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं दिसलं आणि मधोमध हलणारा एक ठिपका. उरलेली सात स्वच्छ, काचेसारखी. वाहतुकीत धक्का बसला की यंत्रात काही बिघाड झाला, हे मला कळेना. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "पाच? चांगली आहेत की!" सेब्राइटची अंडी कमी फळतात. हिचा तुरा गुलाबतुरा, म्हणजे सपाट, दाणेदार, मागे टोक असलेला. ज्या कोंबड्याकडे या तुऱ्याचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं असतं, त्याचं बीज कमी चपळ असतं. शिवाय हवा उबदार असल्याशिवाय सेब्राइट कोंबडे नीट फळत नाहीत, हे ही जात सांभाळणारे सगळेच सांगतात.

कोंबडीचं पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येतं असं आपण धरून चालतो. ही विसाव्या दिवशीच आली. बँटमची पिल्लं बरेचदा दिवसभर आधी येतात. चार पिल्लं निघाली, पाचवं कवचातच राहिलं. दोन राखाडी, म्हणजे पुढे चंदेरी होणारी, आणि दोन तपकिरी, म्हणजे सोनेरी. वाळून फुललेलं पिल्लू तळहातावर घेतलं तरी वजन जाणवेना, फक्त ऊब आणि नखांच्या टोचण्या जाणवल्या. पाणी उथळ बशीत ठेवायचं आणि त्यात गोटे घालायचे, नाहीतर एवढी पिल्लं बोटभर पाण्यातही बुडतात.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, इथवर ठीक होतं. पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं. सहाव्या दिवशी त्यांच्या पंखांना खरी पिसं दिसायला लागली आणि नवव्या दिवशी सकाळी त्यातलं एक तपकिरी पिल्लू पेटीच्या काठावर बसलेलं होतं. फूटभर उंच काठ. मी दारात दिसताच ते उडून दिव्याच्या तारेवर गेलं. त्याच दिवशी तिचं नाव ठिणगी पडलं आणि पेटीवर जाळी आली. दुसऱ्या तपकिरी पिल्लाला सोनी आणि राखाडी दोघींना रुपा आणि मोती म्हणायला लागले. चौघीही कोंबड्याच आहेत असं तेव्हा वाटत होतं.

अकराव्या आठवड्यात एका सकाळी खुराड्यातून चिरका, अर्धवट आवाज आला. दार उघडलं तर सोनी दांडीवर ताठ उभी राहून, मान लांब करून आरवायचा प्रयत्न करत होती. मी तिथेच खाली बसले आणि पुन्हा आवाज येईपर्यंत हलले नाही. दुसरी बांग पहिलीपेक्षा बरी होती.

सेब्राइटचं सगळ्यात विलक्षण वैशिष्ट्य मला असं कळलं. कुठल्याही साध्या कोंबड्याला मानेवर आणि कमरेवर टोकदार, चकाकती पिसं असतात, शेपटीत कोयत्यासारखी वाकडी लांब पिसं असतात. सेब्राइट कोंबड्याला यातलं काहीच नसतं. त्याचा सगळा पिसारा कोंबडीसारखा, गोल टोकांचा. नर-मादीतला फरक तुऱ्यावरून, हनुवटीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्यांवरून आणि उभं राहण्याच्या ऐटीवरून ओळखायचा. याचं कारण कातडीत आहे. नराचं टेस्टोस्टेरॉन स्त्री-संप्रेरकात बदलणारं अरोमटेझ नावाचं विकर (एन्झाइम) एरवी मुख्यतः अंडाशयात काम करतं. सेब्राइटमध्ये ते कातडीतही बनतं. उगवणाऱ्या पिसाला कोंबडीच्या अंगात असल्याचा निरोप मिळतो आणि ते कोंबडीचं पीस होऊन येतं. थॉमस हंट मॉर्गन या आनुवंशशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी सेब्राइट कोंबड्यांच्या वृषणग्रंथी काढून पाहिल्या, तर त्यांना चक्क नराची लांब, टोकदार पिसं आली. ग्रंथी काढल्यावर कोंबडा जास्त कोंबडा दिसायला लागतो असा हा पक्षी आहे.

सोनीचा मी सुभेदार केला. नाव त्याला शोभतं. सहाशे ग्रॅमच्या या जिवाला आपण लहान आहोत हे ठाऊकच नाही. पंखांची टोकं जमिनीला टेकवत, छाती इतकी पुढे काढून चालतो की डोकं जवळजवळ शेपटीला टेकतं.

आता झाडावरच्या रात्रीबद्दल.

पिल्लं तीन महिन्यांची झाल्यावर एका संध्याकाळी मी खुराड्याचं दार पहिल्यांदा उघडं ठेवलं. समोरच्या मोकळ्या जागेला पुरुषभर उंचीचं कुंपण होतं आणि माझ्या मते ते पुरेसं होतं. मोती आणि रुपा दबकत बाहेर आल्या. सुभेदार उंबऱ्यावर थांबला. ठिणगी मात्र उंबऱ्यावरूनच उडाली ती कुंपणाच्या वरून, हातभर अंतर राखून, थेट शेजारच्या झाडाच्या दुसऱ्या फांदीवर. कोंबडी अशी उडताना मी कधी पाहिली नव्हती. धडपड नाही, फडफडाट नाही. तित्तिर उठावा तशी सरळ वर गेली.

मग मी करायला नको ते सगळं केलं. हाका मारल्या, दाण्यांचं भांडं वाजवलं, शिडी लावली. शिडीच्या प्रत्येक पायरीला ती एक फांदी वर जात होती. शेवटी मी शिडीवर अर्ध्यात उभी, ती शेंड्याजवळ, आणि सुभेदार खाली "कक् कक् कक्" असा सलग गजर करतोय. जमिनीवरच्या धोक्याला कोंबड्या असा तुटक, पुन्हा पुन्हा ओरडतात. घारीसाठीचा आवाज वेगळा असतो, लांब आणि पातळ, आणि तो ऐकताच बाकीच्या ओरडत बसत नाहीत, जागच्या जागी दबतात. मी शिडीवर ऐकत होते तो जमिनीवरच्या शत्रूचा गजर होता. त्याच्या लेखी तो शत्रू मी होते. तिथेच मला ते उमगलं आणि मी खाली उतरले.

काकांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "अंधार पडलाय का?"

"पडतोय."

"मग आत जाऊन बस. आणि शिडी तिथेच राहू दे, काढताना आवाज करू नकोस. पूर्ण अंधार झाला की जा. हातात उजेड नको, नुसते हात."

कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. दिवसा जो पक्षी दहा पावलांवरून पापणी हललेली टिपतो, तोच रात्री फांदीवरच्या फळासारखा निमूट असतो. साडेनऊला शिडी चढले. फांदी चाचपत गेले तेव्हा हाताला पिसांचा एक उबदार गोळा लागला. दोन्ही हात पंखांवरून घेऊन उचललं. ठिणगीने घशातल्या घशात एकच हळू आवाज काढला, बस्स. तिचं हृदय माझ्या बोटांखाली इतकं भरभर धावत होतं की ठोके सुटे ऐकू येत नव्हते, सलग थरथर होती. मी तशीच शिडीवर थांबले, ती थरथर जराशी उतरेपर्यंत. त्याआधी मी तिला कधी हातात धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाटा समोर होत्या. एका पंखाची लांब उडायची पिसं कापायची, म्हणजे तोल जाऊन पक्षी उंच उडत नाही आणि दुखतही नाही. किंवा वरून जाळी घालायची. पिसं कापायला हात धजेना. कापलेलं पीस पुढच्या पीसझडीपर्यंत परत येत नाही, आणि सेब्राइटकडे पळून जाण्यासाठी पंखांशिवाय दुसरं काय आहे? अंगात ताकद नाही, शिकाऱ्यासारख्या नख्या नाहीत. उडणं काढून घेतलं तर तिच्याकडे फक्त भीती उरते. दोन दिवस खपून सगळ्या आवारावर जाळी ताणली आणि आत उंचावर तीन दांड्या बांधल्या. त्या दांड्यांनी जाळीपेक्षाही मोठं काम केलं. वर जायला जागा आहे हे कळल्यावर चौघंही खाली निवांत वावरायला लागली. सेब्राइट पाळणाऱ्याला मला एकच गोष्ट सांगता आली तर मी जागेच्या लांबी-रुंदीआधी उंचीचं सांगेन.

आणि त्याच सुमारास मी बसायला लागले.

रोज संध्याकाळी त्याच वेळी, त्याच रंगाचा जुना सदरा घालून, एका बुटक्या स्टुलावर. हातात वाळवलेल्या अळ्या. उठायचं नाही, हात वरून न्यायचा नाही, टक लावून बघायचं नाही. दोन्ही डोळे समोर रोखून बघतो तो शिकारी. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे ती ज्याच्याकडे लक्ष देते त्याच्याकडे एका डोळ्याने बघते. मग मीही मान तिरकी करून बसायचे. पहिला आठवडा त्या चौघांनी माझ्यापासून दांडीएवढं अंतर राखलं. दुसऱ्या आठवड्यात सुभेदार पुढे आला, स्टुलाच्या पायाला एक चोच मारून परत गेला, आणि तेवढ्यावर त्याने माझा विषय संपवला. रुपा येऊन दोन हातांवर उभी राहायची. ती घाबरत नाही, पण जवळीकही करत नाही. मोती सगळ्यात भोळी, ती बाराव्या दिवशीच अळी घेऊन गेली.

ठिणगी वरच्या दांडीवरून डाव्या डोळ्याने बघत राहायची.

हे डाव्या डोळ्याचं मला आधी लक्षात आलं नव्हतं. रोजची नोंद लिहिताना एकदा जाणवलं की माझ्या वहीत तिचं वर्णन नेहमी "मान उजवीकडे वळवून" असं येतंय. मग वाचत गेले. अंड्यात शेवटच्या दिवसांत पिल्लू अशा तऱ्हेने मुडपलेलं असतं की उजवा डोळा कवचाकडे येतो आणि डावा अंगाखाली झाकला जातो. कवचातून झिरपणारा उजेड उजव्या डोळ्यालाच मिळतो आणि त्यामुळे मेंदूच्या दोन बाजू वेगवेगळी कामं घेतात. उजव्या डोळ्याने कोंबडी दाणा आणि खडा यांतला फरक करते. डाव्याने ती नवं, अनोळखी, धोक्याचं काय ते टिपते; आभाळात घार दिसली की बहुधा डावा डोळाच वर होतो. हे प्रयोगांतून दिसून आलेलं आहे. म्हणजे इतके दिवस मी ठिणगीच्या घार-डोळ्यात होते.

ती माझा राग करत नव्हती आणि नुसती भेकडही नव्हती. ती दांडीवर बसून माझ्याबद्दल अजून ठरवत होती. भित्र्या कोंबडीला सगळंच सारखं भयाण वाटतं. ठिणगीला वाऱ्याने हललेलं पान आणि माझं हललेलं बोट यांतला फरक कळत होता. पानाकडे ती ढुंकून बघत नव्हती. या जातीला लोक "बुजरी", "बिचकणारी" म्हणतात. मी आता "जागी" म्हणते. जागेपणा सोसणं माणसाला सोपं नसतं, कारण समोरचा आपली प्रत्येक हालचाल मोजतोय हे सतत जाणवत राहतं. पण त्यामुळेच माझ्या हालचाली बदलल्या. बादली ठेवण्याची, दार लावण्याची, शिंक आवरण्याची सुद्धा माझी पद्धत बदलली.

तेविसाव्या संध्याकाळी ठिणगी खाली आली. जमिनीवर, माझ्यापासून तीन पावलांवर. मी मांडीवरचा हात हळूच खाली सोडला, तळवा वर, जमिनीलगत. ती थांबली. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मग तिने उजवी बाजू माझ्या हाताकडे केली, अळीकडे बघितलं, अगदी दाण्याकडे बघावं तसं, आणि उचलली. चोचीचं टोक तळव्याला लागलं, नखाने टिचकी मारल्याइतकं. तिच्या गळ्याची पिसं मी इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिली. तिच्या पापणीची कडा गडद, जांभळट होती आणि डोळा इतका काळा की बुबुळ वेगळं दिसत नव्हतं.

त्यानंतर पंधरवड्याने मोती लंगडायला लागली.

आधी वाटलं दांडीवरून उडी चुकली असेल. तिसऱ्या दिवशी ती उठेना. एक पाय पुढे ताणलेला, एक मागे. कोंबड्या पाळणाऱ्याला हे चित्र पाहिलं की पुढचं सांगावं लागत नाही. मॅरेक्स. विषाणूचा आजार, नसांना सूज आणते, गाठी करते. पिसांच्या मुळातून झडणाऱ्या कोंड्यावाटे पसरतो आणि धुळीत महिनोन् महिने टिकतो. औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू जन्मल्या जन्मल्या द्यावी लागते, आणि सेब्राइट या आजाराला बळी पडणारी जात म्हणूनच ओळखली जाते. हे सगळं मला तेव्हा ऐकून माहीत होतं. लसीची बाटली हजार मात्रांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, चार पिल्लांसाठी कोण फोडणार, असं म्हणून मी ती टाळली होती. मोती सहा दिवस जगली. मी तिला चोचीला चमचा लावून पाणी पाजत होते आणि ती, भोळी, दर वेळी चमच्याकडे उत्सुकतेने बघत होती. सातव्या पहाटे गेली. उरलेली तिघं त्याच हवेत श्वास घेत होती, तरी वाचली. का वाचली ते मला सांगता येणार नाही.

पावसाळी आभाळ उघडावं तसं मग एकदम पिसांचं सौंदर्य उघडलं. लहानपणी सेब्राइटची नक्षी धूसर असते; काळं आणि पांढरं एकमेकांत सांडल्यासारखं. पाच-सहा महिन्यांची झाली की पक्की पिसं येतात आणि आखणी स्पष्ट होते. रुपाच्या छातीचं गळालेलं एक पीस मी वहीत ठेवलंय. लांबी माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी जास्त. मुळाशी राखाडी कापूस, मग स्वच्छ चांदीसारखं पांढरं पान, आणि टोकाला सर्व बाजूंनी एकाच जाडीची काळी रेघ. उजेडात तिरकं धरलं तर ती रेघ हिरवी चकाकते. एका पिसावर एक रेघ, अंगभर अशी शेकडो, आणि सगळ्या एकमेकींत बरोबर बसतात.

हे आपोआप झालेलं नाही. सर जॉन सॉंडर्स सेब्राइट या इंग्लंडमधल्या जमीनदाराने, तो संसदेचा सदस्यही होता, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं निवडून निवडून ही जात घडवली. त्याचा जन्म 1767 चा, मृत्यू 1846 चा. पाळीव प्राण्यांच्या जाती कशा सुधाराव्या यावर त्याने 1809 मध्ये एक पुस्तिका लिहिली, आणि पुढे डार्विननेही निवडीने काय घडू शकतं हे सांगताना त्याचं उदाहरण दिलं. मला मात्र वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटतं. इतकी वर्षं तो पिसाच्या काठावरची रेघ निवडत होता, छातीचा फुगीरपणा निवडत होता, लहान चण निवडत होता. त्याने शांत स्वभाव निवडला नाही. किंवा त्याला त्याची गरज वाटली नाही. रानातल्या पूर्वजाचा तो जागेपणा या दागिन्यासारख्या अंगात तसाच राहून गेला, आणि मला वाटतं तोच नसता तर हे पीस फक्त वहीतच शोभलं असतं.

पुढच्या उबदार दिवसांत मी सुभेदार आणि रुपा यांना वेगळं ठेवलं. ठिणगी बहुधा सुभेदारची बहीण, म्हणून ती जोडी नको होती. जातिवंत पक्षी पैदा करणारे सोनेरी-चंदेरी मिसळ टाळतात, कारण चंदेरीत पिवळट झाक येते. पण त्या मिसळीत एक गंमत आहे. चंदेरी रंगाचं जनुक लिंगाशी जोडलेलं असतं. कोंबडा सोनेरी आणि कोंबडी चंदेरी असली तर मुली बापासारख्या सोनेरी निघतात आणि मुलगे आईसारखे चंदेरी. ज्या जातीत कोंबडा बांग देईपर्यंत कोंबडी वाटतो, तिथे जन्माच्या दिवशीच कोण कोण ते कळतं.

सेब्राइट कोंबडी क्वचितच खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. म्हणून काकांनी त्यांची खुडूक बसलेली सिल्की जातीची कोंबडी काही दिवसांसाठी दिली. रुपाची सात अंडी तिच्याखाली ठेवली, तीन फळली. या वेळी लस ठरलेली होती. एका पशुवैद्याकडे आणखी काही जणांची पिल्लं त्याच सुमारास निघणार होती, एकच बाटली सगळ्यांत वाटली गेली. पण लस दिल्यावरही पहिले एक-दोन आठवडे पिल्लांना मोठ्या कोंबड्यांपासून दूर ठेवावं लागतं, अंगात प्रतिकार तयार होईपर्यंत. त्यामुळे अठराव्या दिवशी अंडी सिल्कीखालून काढून यंत्रात ठेवली. ती रिकाम्या घरट्यावर आणखी चार दिवस बसून होती, पिसं फुलवून, मधूनच पोटाखाली चोच घालून नसलेली अंडी सरकवत. मला दुसरा मार्ग दिसला नाही, तरी ते अजून टोचतं.

दोन तपकिरी, एक राखाडी. तिघंही आता चार महिन्यांची आहेत आणि तिघंही सर्वांत वरच्या दांडीवर झोपतात.

सध्या दिवस लहान होत चाललेत आणि मोठ्या तिघांची पिसं झडतायत. ठिणगीची शेपूट पूर्ण गळाली, मानेवर नव्या पिसांचे काटे आलेत. या काट्यांत रक्त असतं आणि हात लागला की दुखतं, म्हणून या काळात कुणालाच स्पर्श करायचा नसतो. ठिणगीनेच तो नियम आधी लावला. पाच आठवडे झाले, ती स्टुलाजवळ आलेली नाही. मी आले की मान उजवीकडे वळते आणि डावा डोळा माझ्यावर स्थिरावतो.

मी अळ्या जमिनीवर ठेवते आणि दोन पावलं मागे सरून बसते. काल तिने छातीवरच्या एका काट्याचं आवरण चोचीने सोललं. पांढरा भुगा उडाला आणि आतून नवं पीस अर्धं उलगडलं. सोनेरी, ओलसर, आणि काठावर काळी रेघ.